धानाची बांधी आणि तापमानवाढीचा धडा

पवनीच्या जुन्या परकोटाबाहेर पडून वैनगंगेच्या बाजूने निघाले की पावसाळ्यात नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या दिसतात. याच तालुक्यातल्या एका शाळेत दहावीच्या वर्गावर तापमानवाढीचा पाठ घेण्याची वेळ आमच्यावर आली होती. फळ्यावर आम्ही हरितगृह वायूंची यादी लिहिली आणि प्रत्येक वायूपुढे त्याचा उगम लिहिला. कार्बन डायऑक्साइडपुढे कोळसा, पेट्रोल, जंगलतोड. मिथेनपुढे भातशेती, गुरे, दलदल, कचरा. नेहमीचीच यादी. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मंग आमच्या बाबानं धान नाही लावाचा काजी, सर?"

वर्ग हसला. आम्ही म्हणालो, "तसे नाही, पण आपण सर्वांनी झाडे लावली पाहिजेत." मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते हे दिसत होते. आमचेही झाले नव्हते.

झाडे लावणे चांगलेच. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिचा प्रश्न नेमका होता. जगाचे तापमान ज्यामुळे वाढते ते माझ्या घरचे लोक करतात का, करत असतील तर किती, आणि त्यांनी ते थांबवावे का? यांपैकी एकाही प्रश्नाला आमच्या पाठात जागा नव्हती. ही उणीव एका तासाची किंवा एका शिक्षकाची नाही. हा विषय शाळेत ज्या पद्धतीने मांडला जातो, तिच्यातच ती आहे, असे आम्हांला वाटते. म्हणून त्या पद्धतीचे थोडे परीक्षण येथे करीत आहोत.

शब्द आणि चित्र

पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'हरितगृह' म्हणजे काचेचे घर, हे थंड देशांतल्या मुलांच्या पाहण्यातले. पवनीच्या मुलाला ते सांगायचे म्हणजे एक अनोळखी गोष्ट दुसऱ्या अनोळखी गोष्टीने समजावण्यासारखे आहे. शिवाय 'हरित' म्हटले की ते चांगलेच असणार असा त्याचा समज होतो. आणि ही उपमा शास्त्रीय दृष्ट्याही लंगडी आहे. काचेचे घर उबदार राहते ते मुख्यतः आतली तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली साध्या प्रयोगाने तिकडे लक्ष वेधले होते. वातावरणातले वायू हवा कोंडत नाहीत. तापलेल्या जमिनीतून बाहेर पडणारे अवरक्त किरण ते शोषून घेतात आणि त्यांतली काही उष्णता पुन्हा जमिनीकडे पाठवतात.

याला आपल्याकडचे उदाहरण आहे. पौषातली निरभ्र रात्र आणि ढगाळ रात्र यांत कोणती जास्त गार असते, हे धान राखायला गेलेल्या कोणत्याही मुलाला विचारावे. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता मोकळी निघून जाते; ढग आणि बाष्प तिला अडवतात. एवढे पटले की पुढचे सोपे होते. हे पांघरूण मुळात वाईट नाही. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश सेल्सियस राहिले असते. अडचण आहे ती पांघरूण जाड होत चालल्याची. हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत.

दुसरी अडचण सरमिसळीची. तापमानवाढीवर चित्र काढायला सांगा. धुराड्यांतून काळा धूर, प्लास्टिकचा ढीग, ओझोनच्या थराला भोक आणि तोंडात तापमापी धरलेली रडकी पृथ्वी, हे सगळे एकाच कागदावर येते. यातला काळा धूर दिसतो, कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. ओझोनच्या थराला छिद्र पडले तर वरून अतिनील किरण आत येतात. तापमानवाढीत खालची उष्णता बाहेर जायची थांबते. क्लोरोफ्लुरोकार्बन ही रसायने दोन्ही गोष्टींना कारण होतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. जे जे वाईट ते सगळे एकच, असे शिकलेला विद्यार्थी पुढे कोणत्याच उपायाची पारख करू शकत नाही.

उपदेश आहे, हिशेब नाही

पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना सक्तीने द्यावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली दिला आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीबद्दल पुन्हा बजावले. त्यामुळे विषय शाळेत आला, ही मोठीच गोष्ट झाली. पाठ्यपुस्तकेही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली. २०१८ साली आलेल्या आपल्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधील 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा पाठ पाहा. औष्णिक केंद्रापासून सौरघटापर्यंत वीज कशी तयार होते, ते टप्प्याटप्प्याने आकृत्यांसह तेथे दाखवले आहे. असा पाठ शिकवायला आनंद वाटतो.

पण वर्गात पुढे काय होते? जनित्राची आकृती पाठ होते, प्रकल्पाची वही सजते, आणि शेवटी घोषणा येतात : झाडे लावा, पाणी वाचवा, सायकल वापरा. 'किती?' हा प्रश्न विचारला जात नाही. विज्ञानाच्या इतर पाठांत आपण न्यूटन, ज्यूल, ओहम यांशिवाय पाऊल टाकत नाही. मग याच पाठात मोजमाप का सोडून देतो?

आणि 'किती?' सोडले की 'कोणाचे?' हा प्रश्नही सुटतो. यादीत 'कोळसा' आणि 'भातशेती' शेजारी शेजारी बसतात, जणू दोघांचे माप सारखेच. सायकल वापरा, हा उपदेश ज्या मुलाला रोज चार-पाच किलोमीटर सायकलनेच शाळेत यावे लागते, त्यालाही आपण करतो. त्या मुलीला जे खटकले ते हेच.

जुना वाद

हाच प्रश्न एकेकाळी देशापुढे उभा राहिला होता, हे फार थोड्या शिक्षकांना माहीत असते. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या १९९०-९१ च्या अहवालाने हरितगृह वायू सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताला बसवले. त्यात आपल्या धानाच्या आणि गुरांच्या मिथेनचा वाटा मोठा होता. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एक पुस्तिका काढून त्याला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पोट भरण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एका तराजूत तोलता येणार नाही, आणि वातावरणावर हक्क सांगायचा तर तो माणशी सारखा धरला पाहिजे.

हे झाले न्यायाचे उत्तर. विज्ञानाचे उत्तर त्याच वर्षी शेतात उतरून शोधले गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या भातशेतीच्या नावावर वर्षाला सुमारे ३७८ लाख टन मिथेन मांडले होते. परदेशातल्या शेतांतली मापे आपल्या एकूण क्षेत्राला लावून हा आकडा आला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ साली देशाच्या वेगवेगळ्या भागांतील धानाच्या शेतांत मोजणी हाती घेतली. पद्धत साधी. रोपांवर पारदर्शक पेटी पालथी घालायची, ठरावीक वेळाने सुईने आतली हवा काढायची आणि प्रयोगशाळेत तिच्यातले मिथेन मोजायचे. या मोजणीतून देशाचा आकडा आला तो सुमारे ४० लाख टन. म्हणजे आधीच्या अंदाजाच्या साधारण नववा हिस्सा.

एवढा फरक का पडला? त्याचे उत्तर बांधीतच आहे. चिखलणी करून पाणी कोंडले की मातीतला ऑक्सिजन काही दिवसांत संपतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या पदार्थांपासून मिथेन तयार करतात. धानाच्या खोडात मुळांना हवा पोचवणाऱ्या पोकळ्या असतात. त्याच वाटेने बरेचसे मिथेन वर येते. पाणी आटले, मातीला भेगा पडल्या, की हवा आत शिरते आणि हे काम मंदावते. आपली पुष्कळशी भातशेती पावसावरची, मधूनमधून कोरडी पडणारी आणि सेंद्रिय अंश कमी असलेल्या मातीतली. सतत पाण्याने भरलेल्या शेताचे माप तिला कसे लागू पडावे?

विज्ञान शिकवणाऱ्याला याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल. देशावर आरोप झाला तेव्हा नुसते रागावून भागले नाही. कोणीतरी चिखलात पेटी ठेवून मोजले.

एका एकराचा हिशेब

हे मोजमाप दहावीच्या वर्गात गुणाकाराने करता येते. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शनात सतत पाण्याखाली असलेल्या शेतासाठी हेक्टरी दिवसाला १.३० किलो मिथेन हे सर्वसाधारण माप दिले. पीक १०० दिवस शेतात उभे राहिले असे धरू. एका हेक्टरमागे १३० किलो, म्हणजे एका एकरामागे सुमारे ५२ किलो मिथेन झाले. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवते. तेव्हा हे झाले सुमारे १,४५० किलो.

आता त्याच मार्गदर्शनातले गुणक लावू. हंगामात एकदा पाणी काढून शेत वाळू दिले तर ०.६०, म्हणजे सुमारे ८७५ किलो. नेहमीची पावसावरची शेती असेल तर ०.२८, म्हणजे सुमारे ४१० किलो. एकर तोच, धानही तेच. फरक फक्त पाण्याचा. आयपीसीसीने २०१९ मध्ये हे गुणक सुधारले आहेत, म्हणून या आकड्यांना ढोबळच समजावे. पण पाण्याचा धडा त्याने बदलत नाही.

शेजारी दुसरा हिशेब मांडावा. आपल्या देशातली वीज अजून मुख्यतः कोळशावर होते आणि सरासरीने एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नागपुरातल्या एका घरी वातानुकूलन यंत्र रात्रीत १० युनिटे घेते आणि उन्हाळ्यात ६० रात्री चालते असे धरा. झाले ४२० किलो. एका घराच्या वर्षाच्या भाताची सोय करणारा पावसावरचा एकर आणि दोन महिन्यांची गार झोप, दोन्हींचे माप जवळपास सारखे!

येथे मुले टाळ्या वाजवतील. पण तास येथेच थांबवला तर आपण पुन्हा एक घोषणाच शिकवली असे होईल. दोन गोष्टी पुढे सांगायला हव्यात. पहिली, मिथेन हवेत सुमारे १२ वर्षेच टिकते. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके राहतो. दुसरी, २८ हा गुणक शंभर वर्षांच्या हिशेबाचा आहे. वीस वर्षांचा हिशेब केला तर तो ८० च्या आसपास जातो आणि आपल्या पावसावरच्या एकराचे ४१० किलो एकदम १,१७० च्या घरात पोचतात. कोणता गुणक वापरायचा हे निसर्ग ठरवत नाही. आपल्याला येणाऱ्या वीस वर्षांची काळजी जास्त की शंभर वर्षांची, यावर ते ठरते. 'धोरण' म्हणतात ते येथून सुरू होते.

धोरण म्हणजे तारखा नव्हेत

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना धोरण शिकवतो म्हणजे आपण परिषदांची यादी देतो : रिओ १९९२, क्योटो १९९७, पॅरिस २०१५, ग्लासगो २०२१. जोड्या लावा या प्रश्नापुरती ही यादी बरी. पण त्यातली एक गोष्ट बांधीच्या कडेला उभे राहून पाहा. रिओच्या करारात 'जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे' असे तत्त्व मान्य झाले. ग्लासगोला भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे जाहीर केले. तेथेच शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत जगाचे मिथेन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी करण्याची प्रतिज्ञा केली. तिच्यावर भारताने सही केली नाही. कारण उघड होते. आपल्या मिथेनपैकी सुमारे तीन-चतुर्थांश गुरे आणि शेती यांतून येते आणि ती बहुतांशी लहान शेतकऱ्यांची आहेत.

सही न करणे बरोबर होते का? यावर वर्गात दोन बाजू होऊ द्याव्यात. एक बाजू म्हणेल, भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, अमेरिकेत सुमारे १४ टन. आधी त्यांनी कमी करावे. दुसरी बाजू म्हणेल, माणशी सरासरीच्या आडोशाला देशातले श्रीमंतही लपतात. शिवाय पाऊस लांबला, उन्हाळा वाढला, तर पहिला फटका धानालाच बसतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मुलांनी यांतली एक पाठ करू नये. आकडा हाती घेऊन दोन्ही तपासाव्यात.

आणि धोरण फक्त परदेशातल्या परिषदांत ठरत नाही. ते पवनी तालुक्यातही ठरते. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली; हीच तारीख आज शाळांत वसुंधरा दिन म्हणून साजरी होते. पहिला अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च अनेक पटींनी वाढला, गावे उठली. या धरणाचा आपल्या पाठाशी दोन प्रकारे संबंध आहे. जलाशयात बुडालेली झाडेझुडपे आणि गाळ कुजून मिथेन निघते. बुडीत जमिनीच्या अशा उत्सर्जनाच्या हिशेबाची रीत आयपीसीसीने २०१९ च्या मार्गदर्शनात दिली आहे. त्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळते आणि याच जलाशयात येते. म्हणजे कुजायला आणखी खाद्य.

दुसरा संबंध कालव्याचा. कालव्याचे पाणी आले की पावसावरचा धान ओलिताचा होतो आणि उन्हाळी धानही घेता येतो. उत्पन्न वाढते, आणि शेत सतत भरलेले राहिले तर मिथेनही वाढते. मग हंगामात एकदा पाणी काढून टाका असे शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. पण काढलेले पाणी वेळेवर परत मिळेल याची खात्री नसेल तर कोणता शेतकरी भरलेली बांधी फोडील? म्हणजे येथे मिथेन कमी करण्याचा उपाय शेतकऱ्याच्या समजुतीपेक्षा पाणीवाटपाच्या वेळापत्रकावर जास्त अवलंबून आहे. आणि तो फुकटही नाही. शेत आलटूनपालटून ओले-कोरडे केल्याने नायट्रस ऑक्साइड हा दुसरा हरितगृह वायू थोडा वाढू शकतो, म्हणून युरियाची मात्रा आणि वेळ सांभाळावी लागते. हे सगळे 'झाडे लावा' या दोन शब्दांत कसे मावणार?

मग तास कसा घ्यावा?

सजवलेली प्रकल्पवही एक वर्ष बाजूला ठेवून पाहावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा एका वर्षाचा हिशेब मांडावा. विजेच्या बिलावरची युनिटे गुणिले ०.७, पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो; १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. धानाचे एकर, आणि त्यात पाणी किती दिवस साचून होते. रोवणी, आवत्या की श्री पद्धत, हे घरी विचारून घ्यावे. वडिलांना आणि आजोबांना यातले पुस्तकापेक्षा जास्त माहीत असते. शेवटी वर्गाची बेरीज करावी आणि ती जगाच्या सरासरीशी ताडून पाहावी.

बोडीच्या उथळ काठावर शिक्षकांसमक्ष काठीने चिखल ढवळला तर बुडबुडे येतात. पाण्याने भरलेल्या बाटलीत, नरसाळे पालथे धरून, ते जमा करता येतात. इटलीच्या व्होल्टाने १७७६ साली तलावाच्या चिखलातून असाच वायू गोळा करून मिथेनचा शोध लावला. तो पेटवून पाहण्याचा मोह मात्र वर्गात टाळावा. मुलांना बुडबुडा दिसला तरी पुरे. फळ्यावरच्या यादीतला शब्द तेव्हा खरा होतो.

त्या मुलीला आज उत्तर द्यायचे झाले तर आम्ही असे देऊ : "धान लावायचाच, बाई. तुझ्या बाबांच्या बांधीतून मिथेन निघते हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. किती निघते ते आपण मोजू. कोणाच्या तुलनेत किती तेही पाहू. आणि ते कमी करायला बाबांना पाणी वेळेवर मिळावे लागेल. ते कोणाच्या हाती आहे, ते शोधू." उत्तर लांब आहे, एका तासात संपणारे नाही. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पुढच्या वर्षी पावसाळ्यात, रोवणी आटोपल्यावर, हा पाठ घ्यावा असे आम्ही ठरवले आहे. तेव्हा बांध्यांत पाणी असते आणि शाळेच्या खिडकीतून त्या दिसतात.